क्षीरसागर, तुम्ही क मध्ये काय करताय?

...आणि वर मलाच विचारतात, "काय क्षीरसागर, यादीत एकदम शेवटी कसे हो तुम्ही?" कसा म्हणजे? अहो, यादी मीच केली! माझ्या कॉम्प्युटरवर केली, सी भाषेत प्रोग्राम लिहून केली, चांगले सहा महिने त्यात डोकं घातलं, आणि शेवटी मीच मला धरून, उचलून, नेऊन त्रेसष्टाव्या जागेवर बसवलं. एकूण माणसं किती? त्रेसष्ट! आता कुणाच्या नावाने बोटं मोडू, सांगा. बोटंही माझीच आणि नावही माझंच!

हसा, हसा हो. निदान कुणीतरी समोर बसून हसतंय... तुम्हाला सांगतो, लोणावळ्यात राहून माणूस एकटा पडतो हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. "लोणावळा? वा! मजा आहे बुवा तुमची!" कसली मजा? शनिवार-रविवार सगळं जग लोणावळ्याला येतं, एक माझ्याकडे तेवढं कुणी येत नाही. परवा बेल वाजली. धावत गेलो, गुडघ्याचं काय व्हायचं ते होवो म्हटलं. दारात एक गॉगलवाला. "अंकल, टायगर पॉइंट किधर से?" सांगितलं. सविस्तर सांगितलं, दोन रस्ते सांगितले, एक जवळचा आणि एक सुंदर. "चहा घेणार का?" असं म्हणेपर्यंत लिफ्ट खाली गेलेली होती.

तर मी गोपाळकृष्ण क्षीरसागर, वय एकाहत्तर. मूळचा सोलापूरचा, नोकरी आंबीच्या एका कारखान्यात, तीस वर्षं यंत्रांच्या पोटातले प्रोग्राम लिहिले. घर तळेगावात. रिटायर झालो तर आमची इंदिरा म्हणाली, "आता मला धुक्यात राहायचंय." म्हणून लोणावळा! दोन वर्षं राहिली बिचारी धुक्यात. आता धुकं आहे, फ्लॅट आहे, मी आहे... इंदिरा नाही. तीन वर्षं झाली. मुलगी ऋचा मेलबर्नला. माझी सकाळ होते तेव्हा ती मीटिंगमध्ये असते, ती मीटिंगमधून सुटते तेव्हा मी दुपारचा आडवा झालेला असतो. "बाबा, झोपला होतात का? बरं, झोपा झोपा." झोपतो. दुसरं काय करणार?

हां, यादी. आमचं एक ज्येष्ठांचं मंडळ आहे, सुप्रभात ज्येष्ठ मंडळ, लोणावळ्यापासून तळेगावापर्यंत पसरलेलं. अध्यक्ष दत्तोबा आगळे. सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात, आणि आहेतच ते डॉक्टर, फक्त गुरांचे. मावळातली अर्धी जनावरं त्यांच्या हाताखालून गेली. तर झालं काय, दोन वर्षांपूर्वी मंडळातले एक गृहस्थ बाथरूममध्ये पडले, आणि दोन दिवस, दोन दिवस हो, कुणाला पत्ता नाही. दूधवाल्याने पिशव्या साठलेल्या बघितल्या तेव्हा कळलं. वाचले, पण सगळे हादरले. कारण प्रत्येकाच्या डोक्यात एकच... माझ्याकडे तर दूधवालाही येत नाही, मी दुकानातून पिशवी आणतो!

तेव्हा दत्तोबांनी काढली फोनसाखळी. रोज सकाळी साडेसहाला यादीतल्या पहिल्याने दुसऱ्याला फोन करायचा, "आहात का?" दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला, आणि शेवटच्याने पुन्हा पहिल्याला. उचलला नाही तर मंडळाला कळवायचं. झकास कल्पना. पण यादी होती वर्गणी भरल्याच्या क्रमाने, त्यात कोण गेलेलं, कोण मुलाकडे गेलेलं, खाडाखोड इतकी की एकदा दोघं एकमेकांनाच आठवडाभर फोन करत बसले आणि पुढचे सगळे अधांतरी! मग दत्तोबा म्हणाले, "क्षीरसागर, तुम्ही कॉम्प्युटरवाले. आडनावाने, अक्षरांच्या क्रमाने, नीट यादी लावून टाका."

ऋचाला सांगितलं, तर म्हणते, "बाबा, एक्सेलमध्ये टाका, एक क्लिक!" एक क्लिक? तीस वर्षं सी लिहिलंय मी, आणि आता क्लिक करू? आणि एका क्लिकमध्ये यादी झाली तर मग उरलेल्या दिवसाचं काय करू, तेही सांग की बाई!

आता सी म्हटल्यावर घाबरू नका. इंदिरेला पोळ्या लाटता लाटता समजलं होतं, तुम्हालाही समजेल. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. अ चा एक आकडा, क चा एक आकडा. दोन नावं समोर ठेवून कोण आधी विचारलं की तो लहान आकडा आधी लावतो, मोठा मागे. ह्या कामाला सीमध्ये एक गडी आहे, स्ट्रकंप त्याचं नाव. प्रामाणिक आहे, पण गावंढळ. त्याला आपली बाराखडी, आपली रीतभात, काही माहीत नाही. दुसरा गडी आहे स्ट्रकोल. हा शहाणा! हा आधी विचारतो, तुमच्याकडे कोणतं अक्षर कोणाच्या आधी म्हणतात हो? आणि तसं लावतो. पण त्याची एक अट आहे. गाव सांगावं लागतं! प्रोग्रामच्या सुरुवातीलाच, सेटलोकेल म्हणून एक ओळ लिहायची आणि सांगायचं, बाबा रे, भाषा मराठी, मुलूख भारत. कारण सीतला प्रोग्राम सुरू होतो तेव्हा त्याचं गाव काय असतं माहितीय? 'सी'. सी हेच गाव! म्हणजे कुठलं? कुठलंच नाही. ना रीत, ना शेजार, नुसते आकडे. मला तर बुवा त्याची दयाच येते. गाव सांगावं लागतं हो, नाहीतर कुणाला कुणाच्या शेजारी बसवायचं हे त्याला कळणार कसं?

मी सांगितलं होतं! छातीवर हात ठेवून सांगतो, मी ती ओळ लिहिली होती, स्ट्रकोलच वापरला होता. यादी झाली, छापली, वाटली. त्रेसष्ट जण. मी बाराव्या जागेवर. मला काय, मी कधी स्वतःचं नाव बघतो? माझ्या आधी अकरावे कोण, तर कोंढरे बारकू, टाकवे बुद्रुक. माझ्यामागे तेरावे खंडागळे विठ्ठल, कामशेत. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला फोन.

"हॅलो. क्षीरसागर का? म्या बारकू कोंढरे. तुमी हाय का?"

म्हटलं, "आहे."

"ठीक. नंबर बोला."

म्हटलं, "कसला नंबर?"

"परायवेट नंबर! अवो सायेब, तीस वर्सं म्या कान्ह्याच्या फाटकावर गेटमन व्हतो. ठेसन मास्तर फोन करायचा, गाडी निघाली, गेट लावा. म्या गेट लावून त्याला नंबर द्यायचो, त्यो मला त्याचा द्यायचा, दोगंबी वहीत लिवायचो. नंबर न्हाई म्हंजी गेट लागलंच न्हाई. नुसतं 'आहे' काय, कुनीबी म्हनल. नंबर बोला."

आता काय बोलणार? म्हटलं, "सदतीस."

"सदतीस. माजा घ्या, एक्क्याऐंशी. लिवला?"

"लिहिला," म्हटलं. कशाला लिहितोय! दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न, "कालचा माजा नंबर काय व्हता?" झाली का पंचाईत! असं झापलं मला, असं झापलं, की कारखान्यात तीस वर्षांत कुणी झापलं नव्हतं. "सायेब, अशानं गाडी उडवाल तुमी कुनाची तरी!" गेलो आणि चिक्कीच्या दुकानाशेजारून वही घेऊन आलो. लाल पुठ्ठ्याची.

मग वाढत गेलं हो. त्याला मी काय करू? नंबर झाला की रिपोर्ट. "धुकं किती? कुटवर दिसतंय?" कारण धुकं असलं की गेटमनला ते सांगावंच लागतं म्हणे. मी गॅलरीत जाऊन बघून यायचो. "समोरच्या बंगल्याच्या फाटकापर्यंत." "मंग ठीक हाय. हितं भात पोटरीला आलाय, लोंब्या फुटतील आता. वास सुटलाय नुसता. तुमाला काय भात-बित?" म्हटलं, "काल खिचडी केली." "एकल्यापुरती?" "एकट्यापुरती." "मंग उरली आसंल." उरली होती! त्याला टाकव्यात बसून कळलं, माझी खिचडी उरली! मी भेटलोही नव्हतो त्या माणसाला, मंडळाच्या सभेला तो कधी यायचा नाही, म्हणायचा, गेट सोडून कसा येनार. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, कुठलं गेट? पण नाही!

तिकडे खंडागळे मास्तर बोंबलायचे. माझा फोन त्यांना सात वीसला जायचा. "अहो क्षीरसागर! तुमच्या पुढे एकावन्न माणसं खोळंबलीत! आम्ही मेलो की काय असं त्यांना वाटतं! जिवंत आहे मी. ठेवा!" ठेवायचो. पण माझी तक्रार नव्हती. तुम्हाला खरं सांगू का, मी साडेसहालाच उठून दाढी करून बसायला लागलो. फोनवर दाढी दिसते का? नाही दिसत. मला माहितीय. तरी करायचो. इंदिरा गेल्यापासून सकाळी कुणी माझी वाट बघतंय असं झालं नव्हतं, आणि आता एक माणूस वही उघडून, पेन धरून, माझ्या एका आकड्याची वाट बघत बसत होता.

आणि आल्या इरावतीबाई! तळेगावच्या रिटायर्ड शिक्षिका, चाळीस वर्षं मराठी शिकवलेल्या. मासिक सभा, चहा झालेला, बटाटेवडा चाललेला, सगळे खुशीत, आणि बाई चष्मा पुसून यादी वर धरतात. "क्षीरसागर. उभे राहा." राहिलो हो उभा! एकाहत्तराव्या वर्षी! "बाराखडीच्या तक्त्यावर क्ष कुठे येतो?" म्हटलं, "शेवटी. ह, ळ, क्ष, ज्ञ." "मग क्षीरसागर, तुम्ही क मध्ये काय करताय?"

सभा हसली. वडा घशात अडकला माझ्या. खरंच की! मी को आणि ख च्या मधे काय करत होतो? अहो, हे तर अडाणी स्ट्रकंपचं काम! त्याच्या लेखी क्ष म्हणजे पाय मोडका क आणि त्याला चिकटलेला ष, म्हणून तो क च्या रांगेत, का, की, कु, के, को झाले की सगळ्यांच्या मागे उभा. पण मी तर स्ट्रकोल वापरला होता! गाव सांगितलं होतं! घरी येऊन ओळ न ओळ तपासली. आणि सापडलं. मी गाव सांगितलं होतं, पण माझ्या यंत्रात मराठी नावाचं गाव वसवलेलंच नव्हतं! ते आधी वेगळं बसवून घ्यावं लागतं. आणि नसेल तर सेटलोकेल काय करतं? ओरडतं? थांबतं? छे! गुपचूप रिकामा हात दाखवतं, नल, आणि प्रोग्राम खुशाल पुढे चालू, तसाच, बिनगावाचा. तो रिकामा हात बघायचं काम माझं होतं. मी बघितलाच नाही. पोरांना कारखान्यात मी हेच ओरडायचो, "परत काय आलं ते तपासा!" आणि स्वतः? गाव सांगावं लागतंच, पण ते ऐकू गेलं का हेही बघावं लागतं!

दुरुस्ती किती? दोन मिनिटं. मराठी बसवायचं, प्रोग्राम पुन्हा चालवायचा, झालं. चालवला. बघतो तर मी त्रेसष्टावा. माझ्या आधी बासष्टाव्या हुलावळे सरुबाई, कार्ले. आणि बारकूच्या पुढे थेट खंडागळे मास्तर. बारकूचा फोन आता मास्तरांना जाणार. मास्तरांना! "जिवंत आहे, ठेवा" वाल्या मास्तरांना!

मी ती यादी बंद केली. म्हटलं, उद्या बघू.

उद्या उद्या करत तीन महिने काढले. दत्तोबा विचारायचे, "झाली का यादी?" म्हटलं, "कंपायलर रुसलाय." पुढच्या महिन्यात, "झाली का?" "वीज नव्हती." "लोणावळ्यात?" "आमच्या बिल्डिंगमध्ये." काय काय खोटं बोललो! आणि इकडे रोज सकाळी पावणेसातला, "नंबर बोला," "बावन्न," "धुकं?" "आज स्वच्छ," असं चाललेलंच. मग म्हटलं, आपण इंजिनियर आहोत, मार्ग काढू. दोन नावांची तुलना होते त्या फंक्शनमध्ये एक चोरटी ओळ घातली. बाकी सगळं बाराखडीने, फक्त क्षीरसागर आणि खंडागळे समोरासमोर आले तर क्षीरसागर आधी. एवढंच! एका म्हाताऱ्यासाठी एक ओळ, काय बिघडलं?

सगळं बिघडलं! यादी लावणारा जो क्यूसॉर्ट आहे ना, तो प्रत्येकाला प्रत्येकाशी भिडवून बघत नाही. विश्वासावर चालतो. पहिला दुसऱ्याच्या आधी, दुसरा तिसऱ्याच्या आधी, म्हणजे पहिला तिसऱ्याच्याही आधीच, असं धरून चालतो. आणि मी त्याला सांगत होतो, मी खंडागळ्यांच्या आधी, खंडागळे गराड्यांच्या आधी, पण गराडे माझ्या आधी! गरगरला बिचारा. मी भलताच भ आणि म च्या मधे, मास्तर माझ्या मागे, आणि बारकूच्या शेजारी कोण तर गराडे. एका माणसाला धरून ठेवायला गेलो आणि तिसऱ्याचा फोन भलत्यालाच! कुणी पडलं असतं आणि कळलं नसतं तर? लाज वाटली हो. मनापासून लाज वाटली. ती ओळ पुसली.

मग एकच रस्ता उरला होता. गाव सांगायची ओळच काढून टाकायची, जुनी चुकीची यादी जशीच्या तशी, कोण बघतंय? इरावतीबाई बघतायत! आणि त्या नसत्या तरी मी बघत होतो ना. नकळत झालेली चूक वेगळी, आणि समजून उमजून गोंजारलेली चूक वेगळी. तीस वर्षांत मी एकही यंत्र चूक ठेवून बाहेर पाठवलं नाही, आणि आता काय, फोनसाठी पाठवू? छापली. वाटली. बरोबर यादी! इरावतीबाईंनी "शाब्बास" म्हटलं. लहानपणी मला मराठीत कधी शाब्बास मिळालं नव्हतं, ते असं मिळालं.

शेवटच्या दिवशी बारकूला म्हटलं, "बारकूभाऊ, उद्यापासून तुमचा फोन खंडागळे मास्तरांना."

"व्हय, कागुद आलाय."

म्हटलं, "मग... आपलं बोलणं?"

"लाईन बदलली सायेब. बदलली म्हंजी बदलली. नंबर बोला."

म्हटलं, "चौदा."

बस. आता माझा फोन येतो पावणेआठला. साडेसहाला दाढी करून मी सव्वा तास बसलेला असतो. आणि फोन तरी कसला? सरुबाई मिस्ड कॉल देतात! एक रिंग, बंद. त्यांच्या घरी तीन सुना, सात नातवंडं, दोन म्हशी, त्यांना कुठला वेळ? पहिल्याच दिवशी मी उलटा फोन केला तर म्हणाल्या, "आवो भाऊ, उचलायचं न्हाई! मी रिंग दिली का तुमी बी एक रिंग द्यायची. समजतंय की." त्यांची एक रिंग, माझी एक रिंग. झाला आमचा सुसंवाद! मग मी दत्तोबांना फोन करायचा, साखळी पुरी झाली म्हणून. दत्तोबांच्या मागे गाय हंबरत असते. "हां क्षीरसागर, हां हां, झालं, झालं." गायीचा आवाज जास्त येतो, दत्तोबांचा कमी. बरोबर यादी आहे हो. बाराखडीप्रमाणे आहे. आता प्रोग्रामला गाव कळलंय. गाव सांगावं लागतं म्हणून मीच तर सांगितलं! सगळं जिथल्या तिथे. फक्त सकाळी माझ्या घरात कुणी एक शब्द बोलत नाही.

तुम्ही म्हणाल, "अहो, मग तुम्हीच करा की बारकूला फोन!" हेच! हेच ऋचाही म्हणाली. किती सोपं ना? तुम्ही करून बघा. नंबर काढायचा, बोट ठेवायचं, आणि मग वाटतं, काय म्हणून करू? काय काम आहे? काम नसताना मी आयुष्यात कुणाला फोन केलेला नाही. ते खातं इंदिरेकडे होतं. ती करायची, बोलायची तासभर, आणि शेवटी म्हणायची, "घ्या, हेही बोलतायत," आणि मी म्हणायचो, "हं, बाकी ठीक?" एवढंच येतं हो मला. बारा दिवस नंबर काढला आणि ठेवला.

तेराव्या दिवशी रविवार. धुकं असं की समोरचा बंगला नाही, फाटक नाही, आमच्या गॅलरीचा कठडा नाही. आणि मला एकदम वाटलं, हे सांगायला कुणी नाही. एवढं धुकं, आणि विचारायला कुणी नाही, कुठवर दिसतं. लावला फोन. पावणेसातला.

"हॅलो! कोन?"

म्हटलं, "मी क्षीरसागर."

"सायेब? अवो तुमी माज्या लाईनीवर न्हाई आता. काय झालं?"

आणि तुम्हाला सांगतो... मला बोलताच येईना. इंदिरा गेली तेव्हा मी रडलो नव्हतो, कागदपत्रं करत होतो, आणि आता ह्या गेटमनने "काय झालं" विचारलं आणि मला आवाजच येईना!

"हॅलो? सायेब? सायेब, बोला! आरं द्येवा..."

फोन कट.

आता नियम चार. नियम चार तुम्हाला सांगितलाच नाही का मी? यादीच्या तळाशी ठळक अक्षरात छापलाय, मीच टाईप केलाय. 'यादीबाहेरून फोन आल्यास संकट समजावे व तातडीने मंडळास कळवावे.' आणि बारकू कोंढरे, ज्याने तीस वर्षांत एक नियम मोडला नाही, त्याने कळवलं! दत्तोबांना कळवलं, दत्तोबांनी सगळ्यांना कळवलं, आणि मी इकडे तोंड धुऊन बारकूला परत लावतोय तर एंगेज! सगळ्यांचे एंगेज! माझ्यासाठी मावळातले बासष्ट फोन एंगेज, आणि मलाच कुणाशी बोलता येत नाही!

दोन तासांनी आले. दोन तास का? रविवार! लोणावळ्याचा ट्रॅफिक! खरंच काही झालं असतं तर हे लोक वलवणच्या सिग्नलला पोचायच्या आत मी... जाऊ द्या. पण आले हो! पहिल्या सरुबाई, सुनेच्या स्कूटरवर मागे बसून, पदर खोचून. मग खंडागळे मास्तर. मग इरावतीबाई टॅक्सी करून, सोबत चार जण कोंबून. दत्तोबा, हातात त्यांची ती गुरांची मोठी बॅग. मग आणखी, मग आणखी. मोजले, सतरा! माझ्या हॉलमध्ये सतरा माणसं! कप सहा. ग्लास काढले, वाट्या काढल्या, इंदिरेचा तो जपून ठेवलेला सेट माळ्यावरून उतरवला. मास्तर वाटीतून चहा पितायत, आणि म्हणतायत काय, "साखर कमी आहे." कित्ती बरं वाटलं! तीन वर्षांत माझ्या चहाला कुणी नावं ठेवली नव्हती.

शेवटी बारकू. सुकलेला, बुटका, खाकी शर्ट, काखेत वही. टाकव्याहून भाच्याच्या मोटारसायकलवर. दारात उभा राहून मला वरपासून खालपर्यंत बघितलं. चहाचा ट्रे धरून उभा मी, धडधाकट.

"हायती की हे धड!" असा संतापला! "सायेब, खोटा सिग्नल दिला तुमी! फाटकावर आसतो तर चार्जशीट मिळाली असती!"

म्हटलं, "खोटा नव्हता हो."

"मंग काय झालतं?"

म्हटलं, "काही नाही. सहज केला."

"सहज?" त्याला तो शब्दच कळेना. बसला खाली. घराकडे बघत राहिला. टेबलाला एक खुर्ची, मांडणीत एक ताट, दोरीवर एक टॉवेल. मग हळूच, "एकलंच ऱ्हाता?" म्हटलं, "हो." "मंग त्ये सांगायचं न्हाई व्हय?" म्हटलं, "आता सांगितलं." त्याने वहीतून यादी काढली, माझ्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "मला तुमच्या म्होरं घ्या परत यादीत. मंग करतो रोज. यादीबाह्येर मला न्हाई जमायचं सायेब, हात चालत न्हाई." आणि माझ्याकडे असा बघतोय, की तुम्ही यादीवाले, तुमच्या हातात आहे! मी इरावतीबाईंकडे बघितलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, डोळेही पुसले, आणि म्हणाल्या, "क्षीरसागर, बाराखडी मी नाही हो केलेली."

तेवढ्यात दत्तोबा पुढे सरसावले. एवढी बॅग आणलीय म्हटल्यावर तपासायला नको? झोपवलं मला सोफ्यावर. जीभ बघितली, खालच्या पापण्या ओढून बघितल्या, जबडा दाबला, पोटावर थाप मारून कान लावला. सतरा जण भोवती वाकलेले, श्वास रोखून. बारकूने तर माझा पायच धरून ठेवला होता. एवढ्या माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं ते लग्नात, त्यानंतर आज! मी डोळे मिटून घेतले, म्हटलं, सावकाश तपासा डॉक्टर, अजिबात घाई नाही.

तर दत्तोबांनी पाठीवर जोरात थाप मारली. "अहो, ठणठणीत! अजून पंधरा वर्षं ह्या गड्याला काही होत नाही! चला हो, उठा, पाहा कसा ट्रॅफिक वाढतोय." आणि दहा मिनिटांत सगळे गेले, वाट्या तशाच ठेवून.

पंधरा वर्षं! ऐकलंत ना? म्हणजे पुढची पंधरा वर्षं आता माझ्याकडे कुणी येत नाही.